नकाराला लागणारं क्रियापद

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला पोचायला उशीर झाला, म्हणून तिला मागच्याच बाकावर जागा मिळाली. शेजारी तो... बाहीवर मैद्याचा पांढरा ठसा, अंगाला नुकत्याच भाजलेल्या पावाचा वास. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून तिचं डोकं उठलं होतं. त्या वासानं जरा बरं वाटलं.

त्यानं बाईंना एक शब्द विचारला. एका हॉटेलाला पाव पुरवायचा करार हाती आला होता, आणि त्यात म्हटलं होतं की हॉटेल तो कधीही ‘रिसिंड’ करू शकेल. बाईंनी सांगितलं, रिसिंड करणं म्हणजे आपणच दिलेला हुकूम, निर्णय, मान्यता रीतसर मागे घेणं. मग जोडीजोडीनं वाक्यं करायला लावली.

त्यानं केलं — मी शेजाऱ्याकडून माझी छत्री रिसिंड केली.

ती इतकी हसली की बाईंनी डोळे वटारले. छत्री नुसती परत आणायची, तिनं कुजबुजत समजावलं. रिसिंड करायचा तो निर्णय, तोही आपला स्वतःचा. तो मान डोलावत ऐकत राहिला... तिच्याकडेच बघत.

वर्ग सुटल्यावर चालता चालता तिनं सहज बेकरी कुठे ते विचारलं. घड्याळाच्या चौकात, पोस्टाला लागून, तो म्हणाला. तिचे पाय जागीच थांबले. आत्यानं आणलेलं स्थळ तिथलंच! पहाटेपासून भट्टीशी झुंजणारा नवरा नको, म्हणून तिनं फोटोही न बघता नाक मुरडलं होतं.

“तुम्हाला... माहीत होतं?”

“तुमचा फोटो मी पाहिला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? नकार तुमचा. तो मला थोडाच रिसिंड करता येतो?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. रस्त्यावरचे दिवे लागले तरी दोघं तिथंच — ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत, तो तिची वाट अडू नये म्हणून जरा बाजूला सरून.

“आणि तुमच्याकडून आलेला होकार?” तिनं खाली बघत विचारलं. “तो तुम्ही मागे घेतलात?”

“नाही,” तो म्हणाला. “जमलं नाही.”

तिनं तिथूनच आत्याला फोन लावला, घसा खाकरला आणि सांगून टाकलं, की त्या बेकरीवाल्या स्थळाला दिलेला नकार मी मागे घेतेय. आत्यानं आधी तिची चांगली हजेरी घेतली. मग विचारलं, “बरं, मुलाला बघायचं कधी?”

तिनं मान वर केली. तो हसू दाबत समोर उभा होता.

“बघतेय की,” ती म्हणाली.