पोकळ गिरमिट

वळसंगच्या माळावर कडुलिंबाची जुनी लागवड होती. कोणती झाडं तोडायची आणि कोणती राखायची, म्हणजे लाकूडही मिळेल आणि रानही टिकेल, याचा आराखडा संघप्रिया करत होती. तिच्या पीएच.डी.चं हे शेवटचं वर्ष. खोडात पोकळ गिरमिट फिरवायचं, आतून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि तिच्यावरची वलयं पाहून झाडाची वाढ ठरवायची. सोबतीला तोड करणारा कल्लप्पा असे. गेल्या उन्हाळ्यात त्याची बायको शिवबाई याच माळावर सरपणाला आली, ती घरी परतलीच नाही. तो त्याबद्दल कधी बोलत नसे.

त्या सकाळी निघालेली कांडी कोमट होती. उन्हानं असेल, असं संघप्रियाला वाटलं. मग भोकातून सुस्कारा सोडल्यासारखी वाफ आली. तिला घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. पाठोपाठ बाईचा बारीक आवाज.

"इल्ले अदीनी."

तिला कन्नड येत नव्हतं. कल्लप्पा मात्र पांढराफटक पडला.

"आमची शिवबाई हाय. म्हणत्या, हितंच हाय मी."

"झाड पोकळ असेल, कल्लप्पा. वारा..."

"वारा कन्नड बोलतो व्हय, बाई?"

ते झाड तोडायच्या यादीत होतंच. कल्लप्पानं कुऱ्हाड उचलली तेव्हा तिनं होकारार्थी मान हलवली.

पहिल्या घावाला आतली बाई किंचाळली.

"सोडवतो गं, जरा सोस," म्हणत कल्लप्पा रडत रडत घाव घालत राहिला. शेवटच्या घावाला किंकाळी मधेच तुटली. झाड आडवं झालं. आत नुसतं भरीव, ओलं लाकूड. कल्लप्पानं ते नखं उचकटेपर्यंत खरवडलं.

"म्याच मारली की तिला."

मग त्याचं लक्ष शेजारच्या झाडाकडे गेलं.

"बाई, त्यात भोक पाडा."

"ते राखायचं आहे."

"पाडा म्हणतो की."

तिनं पाडलं. तिलाही ऐकायचं होतं. आतून तोच आवाज आला, तेच शब्द.

दिवस कलला तेव्हा सगळी ओळ आडवी पडली होती. एकट्या माणसाला एवढी तोड जमणं शक्यच नव्हतं. प्रत्येक झाड तसंच किंचाळलं होतं.

आता माळावर पाखरूही बोलत नव्हतं.

"इल्ले अदीनी."

या वेळी आवाज फार जवळून आला. संघप्रियानं तोंडावर हात दाबला. ओठ मिटलेलेच होते; आवाज तिच्या छातीतून आला होता.

कल्लप्पानं कुऱ्हाड खाली ठेवली. तिच्या हातातलं गिरमिट अलगद काढून घेतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं.

"हलू नका, बाई," तो मायेनं म्हणाला.