सरकलेली रेघ

"अहो, थांबा! पाय—"

पण पाय पडलाच. तिनं नुकत्याच ओढलेल्या पिवळ्या पट्ट्यावर काळा बूट ठसठशीत उमटला. बूटवाला जागीच थिजला, एक पाय कर्कवृत्तावर, एक अलीकडे.

"माफ करा... मला वाटलं, वाळलाय."

"वाटून कसं चालेल साहेब? 'रंग ओला आहे' असं हातभर अक्षरांत लिहिलंय की!"

"तुम्हीच लिहिलंत? अक्षर सुरेख आहे हो."

कौतुकानं पाघळणाऱ्यांतली ती नव्हती. पण कानाच्या पाळ्या कुठं ऐकतात... लाल झाल्याच.

तो मोजणी खात्यातला. तिपाई, यंत्र आणि एक वही घेऊन आलेला. डोंगरवळणावर कर्कवृत्ताची खूण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ, तिथून रस्ताभर ओढलेली ही पिवळी रेघ, खाली दरी, दरीत नदीची चांदीची नागमोड. येणारेजाणारे गाडी थांबवून रेघेवर उभे राहत, फोटो काढत. ही रेघ तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ओढली ती तिच्या वडिलांनी, अण्णांनी. मागच्या वर्षी अण्णा गेले आणि ब्रश तिच्या हाती आला.

"एक सांगू? रागावणार नाही ना?" दुपारी त्यानं विचारलं.

"आधी ऐकते, मग ठरवते."

"कर्कवृत्त इथं नाहीये. ते दरवर्षी पंधराएक मीटर दक्षिणेकडे सरकतं. आता त्या खालच्या वळणापाशी असेल."

ती उभीच राहिली. "म्हणजे माझे अण्णा खोटी रेघ ओढत होते?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

तो यंत्राशी चाळा करू लागला. स्तंभ हलवायचा की ठेवायचा, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं. हलवला, तर अण्णांच्या रेघेवर डांबर पडणार. त्या दिवशी ती ब्रश उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो हजर. "मोजणी चुकली. परत घ्यावी लागेल."

तिसऱ्या दिवशीही चुकली. चौथ्या दिवशीही! ती गालात हसे. वारा तिची ओढणी उडवी, तो यंत्रात बघायचं सोडून भलतीकडेच बघे. डबा उघडला की त्यातला अर्धा आपोआप पलीकडे सरके. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस उजाडला. भर दुपारी ऊन थेट माथ्यावर आलं आणि दोघांच्याही सावल्या पायांखाली गुडूप झाल्या.

"आज अहवाल द्यायचाय," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी निघतो."

तिनं हात पुढे केला. "वही दाखवा."

सहा दिवसांची सहा पानं, आणि सहाही पानांवर एकच आकडा. एका मीटरचाही फरक नाही.

"हे काय हो? चुकत कुठं होतं?"

"मोजणीत नव्हतं चुकत..." तो कठड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि तुम्ही? पट्टा पहिल्याच दिवशी झाला. मग कठड्याला रंगाचा हा तिसरा हात कशासाठी?"

ती हसली, डोळे मात्र भरून आले. "आणि अण्णांची रेघ?"

त्यानं शेवटचं पान उलटलं. तिथं त्यानं लिहिलं होतं : 'स्तंभ व मूळ रेघ जागेवरच ठेवावी. वृत्त तीस वर्षांपूर्वी इथं होतं, ही त्याची खूण आहे. शेजारी पाटी लावून त्यावर चालू वर्षाचं अंतर लिहावं. त्यासाठी दरवर्षी मोजणी आवश्यक.'

"दरवर्षी येईन मी," तो म्हणाला. "तुमची हरकत नसेल, तर..."

तिनं वही मिटली. पिवळ्या रंगाची बोटं पुठ्ठ्यावर उमटली. ती दरीकडे वळली. मग मान न वळवताच तिनं विचारलं,

"वर्षातून एकदाच?"

या प्रश्नाला आता बावीस वर्षं झाली. पाटीवरचा आकडा दर उन्हाळ्यात वाढतो. तो मोजतो, ती लिहिते. आणि अजूनही त्या दोघांना त्या एवढ्याशा कामाला आठवडा लागतो.