‘एन-ए-टी’ नावाची फाइल

»ÖÖ›üŒµÖÖ ®ÖÖŸÖß»ÖÖ

पडद्यावर हे असलं काहीतरी उमटलं आणि ऊर्वीच्या कपाळावर आठ्या पडल्या. खालच्या दहा-बारा ओळीही अशाच, टोप्या घातलेल्या अक्षरांच्या.

“दगडू, ही कुठली भाषा?”

दगडू हा घरातला यंत्रमानव. त्याने क्षणभर डोळे मिचकावले. “कुठलीच नाही. फाइल बिघडलेली आहे. पुसून टाकू का?”

“हात लावू नकोस,” दारातून आबा म्हणाले. “ती तुझ्या आजीची आहे, ऊर्वी.”

आबा म्हणजे ऊर्वीचे आजोबा. तंत्रनिकेतनात तीस वर्षं संगणक शिकवून निवृत्त झालेले. आजी सांगलीत टायपिंगचं दुकान चालवायची आणि हौशी मंडळींची नाटकं टाइप करून द्यायची. सन २०३५मध्ये, ऊर्वीच्या जन्माआधी दोनच महिने, ती गेली. तिचे फोटो ऊर्वीने ढीगभर पाहिले होते, पण तिचा एक शब्दही कधी वाचला नव्हता. ही फाइल हाताशी असून वाचता येऊ नये, याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

“फाइलला नाव इंग्रजी अक्षरांतच द्यावं लागायचं,” आबा म्हणाले. “एन-ए-टी. म्हणजे नाट्य. एखादा प्रवेश असेल म्हणून मी नुसती जपून ठेवली.”

“पण ती बिघडली कशी?”

“बिघडलेली नाही. बस, सांगतो.” आबांनी खुर्ची ओढली. कुणी काही विचारलं की आबांचा चेहरा उजळायचा. “संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. समजा, तू आणि मी मिळून ठरवलं की १२ म्हणजे ‘क’. आणि दगडूला कुणीतरी सांगून ठेवलंय की १२ म्हणजे ‘प’. आता तू त्याला ‘काका’ असं लिहून पाठवलंस, तर तो काय वाचेल?”

ऊर्वी हसली. “पापा.”

“बरोबर. आकडे तेच, तक्ता वेगळा. तुझ्या आजीच्या काळात मराठीचा प्रत्येक फॉन्ट (अक्षरांच्या आकारांचा संच) आपापला तक्ता वापरायचा. तिचा फॉन्ट इथल्याच एका छापखान्याने बनवला होता, आणि नवे फॉन्ट आले तरी तिने शेवटपर्यंत तोच वापरला. तो फक्त तिच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर (यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी, जो संगणकाची सगळी कामं वाटून देतो) चालतो. नवा कारभारी त्याला ओळखतच नाही.”

“मी अंदाजाने वाचू शकतो,” दगडू म्हणाला. “सतरा वेगवेगळे अर्थ निघतात.”

“तिचं लिहिलेलं अंदाजाने नाही वाचायचं,” आबा म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, “ती गेल्यावर तिचा संगणक मीच पुसून कोरा केला. फाइली काढून घेतल्या आणि फॉन्टचा विचारच केला नाही. जन्मभर मुलांना हेच शिकवलं आणि घरी मीच चुकलो.”

ऊर्वीने त्यांचा हात धरला. “मग आपण तो जुना कारभारी परत बसवू.”

माळ्यावरून संगणक खाली आला. त्याच्याबरोबरच्या खोक्यात दोन चकत्या (सीडी) होत्या, एक ऑपरेटिंग सिस्टिमची आणि एक फॉन्टची. पहिलीवर ओरखडा होता, आणि ती एकुलती एक होती. ती चालली नाही तर आजीची फाइल कायमची मुकी राहणार होती.

संगणक घरघरत सुरू झाला. पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी १९८०.

“घड्याळाचा सेल संपलाय,” ऊर्वी म्हणाली. “बरोबर करू?”

“राहू दे. आज कुठे घाई आहे त्याला.”

चकती फिरू लागली. दहा टक्के, वीस टक्के, आणि एकोणचाळीसवर गाडी अडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आबांनी चकती काढली. आता ते तिच्यावर फुंकर मारून ती गोल गोल पुसणार, तोच ऊर्वीने त्यांना थांबवलं.

“गोल नाही, आबा. माहिती गोल रेघेत लिहिलेली असते ना? मग तसं पुसताना नवा ओरखडा पडला तर तो बराच वेळ त्याच रेघेवरून जाईल. मधून कडेकडे पुसा.”

आबांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसून त्यांनी चकती परत घातली. चाळीस. एकेचाळीस. तासाभराने कारभारी जागेवर बसला, त्याच्या मागोमाग फॉन्टही बसला. ऊर्वीने आजीची फाइल त्यावर आणून उघडली.

टोप्या गळून पडल्या आणि ठळक मराठी समोर आली.

“नाट्य नाही, आबा,” ऊर्वीचा आवाज बारीक झाला. “नात आहे.”

*लाडक्या नातीला,*

*तू मुलगीच असणार, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलंय. माझं नाक कापू नकोस. आपली भेट बहुतेक व्हायची नाही, त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून एक काम सांगून ठेवते. तुझ्या आबांना समजावून सांगायला फार आवडतं. मला पहिल्यांदाच सगळं कळायचं, तरी चाळीस वर्षं मी परत विचारत आले. सांगताना ते फार छान दिसतात. मी नसले की कोण विचारणार त्यांना? तू विचारत जा.*

आबांनी चष्मा काढला आणि ते बराच वेळ तो सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. ऊर्वीने पत्र दगडूला वाचून दाखवलं. दगडूने ते युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांसाठी सगळ्यांनी मिळून ठरवलेला एकच तक्ता) लिहून घेतलं.

“आता माझ्या नातीलाही हे वाचता येईल?” ऊर्वीने विचारलं.

“तेव्हाचा संगणक कसा असेल, मला नाही सांगता येणार,” आबा म्हणाले. “पण पत्राबरोबर तक्ता सांभाळलात, तर नक्की येईल.”

ऊर्वीने मान डोलावली. मग खुर्ची आबांच्या अगदी जवळ सरकवली.

“आबा, ते आकड्यांचं मला नीटसं कळलं नाही. परत सांगता?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि घसा साफ केला.

“समजा, तू आणि मी मिळून ठरवलं...”