पिवळा दिवा

सूरज, तो माऊस खाली ठेव. समृद्धी, तूबी बस इथं. ताई जेवायला उठली की भावानं तिच्या लॅपटॉपचा माऊस हलवत बसायचं, हे मला बघवत न्हाई. का, ते सांगतो. मग काय करायचं ते तुमचं तुमी ठरवा.

ही ऐकीव गोष्ट न्हाई. निमगाव साव्याचा धर्माजी ह्याच ओट्यावर बसून मला सांगून गेला. माझ्या वयाचा, बागायतदार माणूस, उगीच थापा मारणारा न्हाई.

त्याचा पोरगा अमृत आन कळंबचा कुंडलिक, एका वर्गातले. पुण्याच्या मोठ्या कंपनीत एकदमच लागले. आठवड्यातनं तीन दिवस घरनं काम. कंपनीनं दोघांना निळं रबरी कडं दिलं व्हतं, मनगटात घालायला. त्याच्यावर लिहिलेलं, ‘आपण एक कुटुंब’. दर महिन्याला मोबाईलवर विचारायचे, कामावर खूश हाय का? हसऱ्या तोंडावर बोट दाबायचं. न दाबणाऱ्याचं नाव सायबाला कळायचं, म्हणून समदेच खूश.

आन तो दिवा. लॅपटॉपवर नावापुढं हिरवा ठिपका. पाच मिनिटं हात थांबला की पिवळा. वर्साच्या शेवटी दहातला एक काढायचा म्हणून सायेब पिवळे मोजत बसायचा. त्या साली अमृत न्हाईतर कुंडलिक, दोघांतला एक जाणार व्हता. हे दोघांनाबी ठाऊक व्हतं.

एकोणतीस नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी कुंडलिक गाडीवर निमगावला आला. पाठीवर लॅपटॉपची पिशवी.

“आईला मंचरच्या दवाखान्यात नेलंय, धाप लागलीय,” म्हणाला. “आज रातपाळी हाय. एवढी रात माझा माऊस हलवत ऱ्हा. सकाळी नेतो.”

“जा तू. मी हाय ना,” अमृत म्हणाला.

माडीवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. अमृत एकावर काम करायचा, दुसऱ्याचा माऊस हलवायचा. दोन वाजेपर्यंत इमानानं हलवला. मग दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं हात उचलला... आन मांडीवर ठेवला. बसून बघत ऱ्हायला. पाच मिनिटं.

पिवळा झाला.

सायबानं दवाखान्यात बसलेल्या कुंडलिकाला मोबाईलवर फोन केला. अर्ध्या तासात दिवा हिरवा दिसला न्हाई तर सकाळपासनं येऊ नको. कुंडलिकानं अमृतला फोन लावला. सात वेळा. अमृतनं उचलला न्हाई. तेव्हा आईला तशीच खाटेवर ठेवून पोरगं गाडीवर निघालं, लॅपटॉप गाठायला.

कळंबच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या. मागं दिवा न्हाई. गाडी तशीच खाली घुसली, वरनं चाक गेलं. छातीचा पार चेंदा झाला. उजवा हात कोपरापासनं तुटला व्हता आन तो काय सापडला न्हाई. पोलिसांनी उजाडेपर्यंत ऊस तुडवला. शेवटी म्हणाले, बिबट्यानं नेला असंल.

आई वाचली. कुशाबाई.

अमृत मातीला गेला, रडला. पण लॅपटॉपचं कुणाला बोलला न्हाई. फडक्यात गुंडाळून माडीवर ठेवला.

बाराव्याची रात. अकरा डिसेंबर. अमृत माडीवर एकटाच, आपलं काम करीत. दोन वाजून दहा मिनिटं झाली.

फडक्यातनं उजेड आला.

त्यानं फडकं ओढलं. लॅपटॉप चालू. नाव कुंडलिकाचं. ठिपका हिरवा. आन माऊस... आपला आपण फिरत व्हता. सावकाश. गोल. गोल.

त्यानं माऊसची वायर उपटली. माऊस थांबला न्हाई. त्यानं वरनं हात दाबला...

हाताखाली हात व्हता.

गार. चिखलानं भरलेला. कोपरापर्यंतच. पुढं काय न्हाई. मनगटात निळं कडं.

त्या हातानं पलटी खाल्ली आन अमृतचा पंजा धरला. माऊसवर दाबला. फिरवाय लागला. अमृत ओढतोय, टेबलाला लाथा मारतोय. सुटंना. करंगळी मोडली. कट्... मग शेजारचं बोट. हाडं कातडं फाडून वर आली तरी माऊस फिरतोय. रगात टेबलावरनं खाली ठिबकतंय.

धर्माजी खाली निजला व्हता. किंकाळी ऐकून कोयता घेऊन वर पळाला, त्याला वाटलं बिबट्याच शिरला. दार ढकललं आन बघितलं. पोराच्या हातावर दुसरा हात.

“आबा, तोडा ह्याला,” अमृत वरडला.

धर्माजीनं कोयता घातला. जीव खाऊन.

...

बत्ती लावली. टेबलावर एकच हात पडला व्हता. अमृतचा.

धर्माजीनं इथवर सांगितलं. मग म्हणाला, “गेणभाऊ, तुटला तरी माऊस फिरवीत व्हता रं.”

लोकांना सांगितलं, हात कडबाकुट्टीच्या मशिनीत गेला. दवाखान्यात पोराला शुद्ध आली तशी त्यानं बापाला समदं कबूल केलं, पाच मिनिटांसकट. धर्माजीनं घरी येऊन दोन्ही लॅपटॉप पहारीनं फोडले. तुकडे विहिरीत टाकले. अमृत आता डाव्या हातानं जेवतो. मला त्याची कीव येती आन रागबी येतो.

फेब्रुवारीत मी कळंबला कुशाबाईला भेटाय गेलो. भिंतीवर कुंडलिकाचा फोटो, शेजारी काचेची चौकट. कंपनीकडनं टपालानं आलेली.

“भाऊ, इंग्रजीत हाय, जरा वाचता का?” म्हणाली. “त्यो सायेब माझ्या पोराला कामचोर म्हनायचा.”

मी चष्मा लावला. वाचलं. कुंडलिकाचं नाव. अख्ख्या महिन्यात दिवा एकदाबी पिवळा झाला न्हाई. दिवसा न्हाई, राती न्हाई. म्हणून कंपनी त्याचा गौरव करती.

कुशाबाईनं डोळ्याला पदर लावला. “बगा,” म्हणाली. “कामाचंच व्हतं माझं पोरगं.”

खाली महिना छापला व्हता. जानेवारी.

तेवढा मी तिला वाचून दाखवला न्हाई.