खुंटीवरची किल्ली

जरा जवळ सरका रं, गार पडलंय. आन् विश्वजित, तू दात काढू नगंस, शेवटपर्यंत ऐक. ही काय ऐकीव गोष्ट न्हाय. प्रसेनजीत आमच्या कुरुंदवाडचा, माझ्या डोळ्यांम्होरं वाढलेला. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत रातपाळीला लागला आन् कदमवाडीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली. जोडीला सम्राट, आजऱ्याचा, दिवसपाळीचा.

दोघांत एकच कॉट. एक कामावर गेला की दुसरा झोपायचा. सकाळी जिन्यात गाठ पडायची. 'गादी तापवून ठेवलीया बघ तुला,' सम्राट म्हणायचा. थंडीत त्या उबेत प्रसेनजीतला लगेच डोळा लागायचा. सख्ख्या भावापरीस जीव होता दोघांचा.

एका सकाळी सम्राट उठलाच न्हाय. अंग तापानं फणफणलेलं. प्रसेनजीत रातभर भट्टीम्होरं उभा राहून आलता, डोकं फिरलं. म्हणाला, 'आता माझी झोपायची पाळी हाय. जमत नसंल तर किल्ली खुंटीला लाव आन् दुसरी खोली बघ.'

सम्राट तसाच उठला, बूट घातले, मोटरसायकल काढली. महामार्गावर टँकरखाली गेला. तापात डोळा लागला असंल पोराचा.

दवाखान्यातनं त्याच्या सामानाची पिशवी मीच घेतली. मोबाईल होता, पाकीट होतं. बेअरिंगच्या रिंगेत अडकवलेली त्याची किल्ली तेवढी न्हवती.

महिना गेला. एकट्याला भाडं झेपंना, खोली खायला उठायची. म्हणून प्रसेनजीतनं नवा पार्टनर बघायला घेतला. गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, रात्रीचे नऊ. राजवर्धन म्हणून एक जण खोली बघायला आला. त्या आठवड्यात प्रसेनजीतला दिवसपाळी होती, दिवसभर खोली बंद होती, कुलूप त्यानंच काढलं. राजवर्धन कॉटवर टेकला आन् चटकन उठला.

'पावणं, आत्ता कोण झोपलंतं व्हय हितं? गादी लई तापलीया.'

प्रसेनजीतनं हात लावला. मधोमध, माणसाएवढी जागा. अंगात ताप असल्यागत...

राजवर्धन गेला तो गेलाच. प्रसेनजीतनं आतनं कडी लावली. भ्याला न्हाय बघा तो. रडला. गादीवर हात ठेवून खाली फरशीवर बसून राहिला.

दीड वाजला. लाइट गेली.

'सम्या... रागात बोललो रं. हितंच ऱ्हा. मी खाली झोपतो.'



कॉट करकरली. हळू. कुणी उठावं तशी.

मग बूट घातल्याचा आवाज...

'जाऊ नगंस.'

...

हाताखालची गादी निवत गेली. पार गार झाली.

साडेतीनला लाइट आली. कडी आतनं तशीच. आन् खुंटीला, बेअरिंगच्या रिंगेत, सम्राटची किल्ली.

सकाळी त्याचा फोन आला म्हणून मी गेलो तर पोरगं ती मुठीत धरून बसलेलं. 'तात्या,' म्हणालं, 'मी थांब म्हणत होतो. त्यानं आधीचंच ऐकलं.'

मी किल्ली खुंटीला परत लावायला हातात घेतली. गरम लागली. मुठीतली ऊब असंल म्हणून घटकाभर तशीच टेबलावर ठेवली, मग पुन्हा हात लावला.

ताप उतरलेला न्हवता.