चडफड-अंक

दुपारी एक वाजून सात मिनिटांनी ऋचा फेगडेच्या घरची वीज गेली. फक्त तिच्याच घरची. भिंतीपलीकडे तिच्या धाकट्या जावेचे, सायलीचे, गारव्याचे यंत्र घरघरत राहिले.

२०६१ सालच्या उन्हाळ्यात यात कोणाला नवल वाटत नव्हते. गावाची किंवा गल्लीची वीज एकदम जाण्याचे दिवस मागे पडून बारा वर्षे झाली होती. आता वीज जायची ती एकेका घराची. रावेर तालुक्यातले चिंचोडी गाव तापी खोऱ्याच्या वीजजाळ्यावर होते. या जाळ्याकडे वीज कमी नव्हती, वाट कमी होती. पारा अठ्ठेचाळीसवर गेला की तारा तापून लोंबतात, रोहित्रे तापतात, आणि त्यांतून एरवीपेक्षा कमी वीज नेता येते. नेमक्या त्याच वेळी प्रत्येक घराला गारवा हवा असतो. म्हणून जाळे दर मिनिटाला हिशेब करी आणि काही घरांची वीज तोडी. प्रत्येक घराच्या मीटरमध्ये त्यासाठी वेगळी कळ होती. कोणाचे घर तोडायचे, हे माणूस ठरवत नसे.

ऋचाने फोन काढून गल्लीचा नकाशा उघडला. चालू घरे हिरवी, तोडलेली तांबडी. तिचे तांबडे होते, सायलीचे हिरवे. तिने नकाशा बंद केला आणि लगेच पुन्हा उघडला.

दोघींचा धंदा एकच होता, केळी पिकवण्याचा. घराच्या मागे जाड भिंतींची थंड खोली, तिच्यात क्रेटमध्ये रचलेल्या कच्च्या केळीच्या फण्या, आणि चार दिवस न हलणारे सतरा अंश. हा धंदा सायलीला शिकवला ऋचानेच. दोन वर्षांपूर्वी घराच्या वाटण्या झाल्या, बोलणे बंद झाले, आणि तेव्हापासून कपात यायची ती ऋचाकडेच. या उन्हाळ्यात तिचा तिसरा माल बिघडला होता. रावेरच्या व्यापाऱ्याने तिचे क्रेट उघडून पाहिले, बंद केले आणि सायलीच्या दारात टेम्पो लावला. पुढचा मालही असाच गेला तर तो या दारात थांबणारसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋचा भुसावळच्या नियंत्रण केंद्रात गेली. तिथे वीजभाराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निमिष बेंडाळे तक्रारी घेऊन येणाऱ्यांना भेटत. ऋचाने पिशवीतून एक केळे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.

"कच्चं दिसतंय," निमिष म्हणाले.

"दाबून बघा."

त्यांनी दाबले. अंगठा सालीसकट आत गेला.

"खोली तीन तास बंद राहिली की असं होतं," ऋचा म्हणाली. "साल हिरवी राहते, आत शिजून जातं. आता मला एवढंच सांगा, माझ्या जावेची वीज का जात नाही? तिचा कोण मामा बसलाय इथे?"

"मामा कोणाचाच नाही, ताई. काल माझ्या घरची दोनदा गेली. बायको मलाच फोन करून शिव्या देत होती."

"मग?"

निमिषनी पडदा तिच्याकडे वळवला. "जाळ्याला आम्ही एकच काम सांगितलंय. भार मर्यादेत ठेवायचा, आणि तो ठेवताना लोकांची चडफड कमीत कमी होऊ द्यायची."

"चडफड?"

"तेच नाव ठेवलंय आम्ही. चडफड-अंक. वीज गेली तरी मीटर जागा असतो. तुम्ही कुठलं बटण किती वेळा खालीवर करता, ते त्याला कळतं. नकाशा किती वेळा उघडता, आमच्याकडे फोन किती करता, तेही. सगळं मिळून शून्य ते शंभरमध्ये एक आकडा निघतो."

"सायलीचा किती?"

"सत्त्याण्णव. दोन वर्षांपूर्वी एकदा तोडली होती, पहिल्या पाच मिनिटांत सात फोन."

"आणि माझा?"

"दोन वर्षांपूर्वी अकरा होता. तुम्ही सोसत होतात. सोसणाऱ्याचं घर तोडणं जाळ्याला सोपं जातं."

"म्हणजे मीपण पहिल्या दिवसापासून बोंबलायला हवं होतं."

"बोंबलला नाहीत, पण अंक वाढला. आता चौऱ्याण्णव आहे, तरी सायलीताईंपेक्षा कमीच, म्हणून अजून तुमचीच जाते. काल तासाभरात एकेचाळीस वेळा नकाशा उघडलात." ऋचाचे कान तापले. निमिष तिच्याकडे न बघता पडद्यावर बोट फिरवत राहिले. "आता ही तारीख बघा. बारा एप्रिल. मुख्य तार तुटली होती, अख्ख्या गावाची वीज चार तास नव्हती. त्या दिवशी तुमचा अंक सहा."

"सगळ्यांचीच गेली होती ना."

"हेच. वीज गेली की माणूस पहिलं काय करतो? बाहेर येऊन बघतो, सगळ्यांची गेली का. सगळ्यांची गेलेली असली की आत जाऊन आडवा होतो. हे तुमचंच नाही, सगळ्या खोऱ्याचं आहे. आपल्याकडे वीज नाही याचा त्रास थोडा, शेजारी आहे याचा फार. आम्ही जाळ्याला हे शिकवलं नाही. ते आकड्यांवरून शिकलं."

"शिकून करणार काय?"

"जोडकपात. सोमवारपासून. एका घराची चडफड शेजारच्या घरामुळे आहे असं दिसलं, की ते शेजारचं घरही तोडायचं. दोघं शांत होतात. शांत होतात म्हणून जाळं ती कपात चार तासांपर्यंत लांबवू शकतं. एकट्या घराची कपात मात्र दोन तासांच्या वर नेता येणार नाही, असा नियम केलाय. तुमची खोली दोन तास थंड राहते?"

"दार उघडलं नाही तर अडीच."

"मग नीट ऐका. सोमवारपासून तुम्ही शांत राहिलात तर तुमची दोन तास जाईल, माल वाचेल. सायलीताईंची मात्र जाणार नाही. चडफडलात तर दोघींची चार तास जाईल, आणि दोघींचा माल शिजेल."

"माझी तोडण्याऐवजी दोघींची चालू ठेवा की."

"तारेत तेवढी जागा नाही."

"आणि दोघींची तोडून जी जागा होते, ती कोणाला देता?"

"सातपुड्याच्या पायथ्याला भिंतीआडच्या वसाहती झाल्यात. तलाव, बर्फाची मैदानं, सगळं आहे आत. त्यांची मागणी दरवर्षी दुप्पट होते. त्यांना कपात नाही."

"का नाही?"

"त्यांचा दिवा कोणाला दिसत नाही. नकाशावर त्या नाहीत. त्यांच्यामुळे कोणाचा अंक वाढत नाही."

"कोण राहतं तिथे?"

"मला माहीत नाही."

"असू द्या," ऋचा म्हणाली. "सायलीचं काय म्हणालात, सोमवारी तिची जाणारच नाही?"

निमिषनी ते केळे कागदात गुंडाळून टोपलीत टाकले. वसाहतींची गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. तिच्यावर तिसरा प्रश्न अजून कोणी विचारला नव्हता.

सोमवारी वीज गेली तेव्हा ऋचाने फोन गव्हाच्या कोठीत टाकला, कोठीवर पाट ठेवला आणि पाटावर स्वतः बसली. पलीकडचे यंत्र घरघरत होते. तिने शेवया मोडल्या, लसूण सोलला, जुन्या साड्यांच्या घड्या उलगडून पुन्हा घातल्या. बरोबर दोन तासांनी वीज आली. मंगळवार, बुधवार, गुरुवार तसेच गेले. नवरा, निखिल, शाळेत शिकवून घरी आल्यावर म्हणाला, "काय गं, आज शिव्या नाहीत कोणाला?"

"मेलं बोलण्यासारखं काही उरलंच नाही," ती म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी तिने खोलीचे दार उघडले. फण्यांच्या कडा एकसारख्या पिवळ्या व्हायला लागल्या होत्या. अजून एक दिवस. शनिवारी सकाळी व्यापारी येणार होता, आणि असा माल त्याने नाकारला नसता. ऋचाने एका केळ्यावरून हात फिरवला. दोन वर्षांत तिच्या खोलीतला माल इतका चांगला पिकला नव्हता.

शुक्रवारी एक वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. तीन वाजता सायलीच्या दारात टेम्पो थांबला. ऋचाने खिडकीतून पाहिले नाही, पण भिंतीतून ऐकू यायचे ते आलेच. माणसे काहीतरी जड उतरवत होती.

"दुसरं यंत्र कुठे बसवायचं, वहिनी?" कोणीतरी विचारले.

"मागे. आणखी एक खोली काढतेय," सायलीचा आवाज आला. मग ती हसली, आणि कोणाला तरी फोनवर सांगू लागली, "नाही गं, आमच्याकडे वीज जातच नाही. शेजारी जाते. काय करतात काय माहीत."

तीन वाजून दोन मिनिटे झाली होती. अजून अठरा मिनिटांनी ऋचाची वीज येणार होती. तिला ते पक्के ठाऊक होते. निमिषचा शब्दन्‌शब्द तिला आठवत होता, दारामागच्या पिवळ्या कडाही दिसत होत्या. ती उठली, पाट बाजूला केला आणि कोठीत कोपरापर्यंत हात घातला. नकाशा उघडला. सायलीचे घर हिरवे. पुन्हा उघडला. हिरवे. मग ती मागच्या भिंतीशी गेली आणि यंत्राचे बटण खालीवर करू लागली. खट, खट, खट. आपण मोजत आहोत, हे तिच्या अकराव्या वेळी लक्षात आले.

चौदाव्या खटक्याला पलीकडचे यंत्र बंद पडले.

थोड्या वेळाने सायली ओट्यावर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती ऋचाच्या बाजूच्या कठड्याशी आली. "ताई, तुमचीपण गेली?"

"हो ना. आत्ताच."

"कशी काय? माझी कधी जात नाही."

"वरूनच गेलीय म्हणतात," ऋचा म्हणाली. "ये, बस. आत उकडत असेल."

सायली बसली. ऋचाने माठातल्या पाण्यात कैरीचे पन्हे केले आणि दोन पेले भरले. सायलीने तिच्या नव्या खोलीचे सांगितले, ऋचाने तिला दार कोणत्या दिशेला ठेवायचे ते सांगितले. निखिलच्या घोरण्यावर दोघी हसल्या. नकाशावर दोन्ही घरे तांबडी होती आणि भुसावळला दोन्ही घरांचे अंक शून्यावर आले होते. सव्वासहाच्या सुमारास ऋचाच्या खोलीच्या फटीतून गोडसर, जड वास ओट्यापर्यंत यायला लागला. सायलीच्या बाजूनेही येत होता. दोघींनी तो ओळखला आणि दोघींपैकी कोणीच उठले नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी वीज आली. भिंतीच्या दोन्ही बाजूंची यंत्रे एकदम घरघरू लागली. सायली पेला ठेवून घाईघाईने आत गेली. ऋचा तिथेच बसून राहिली. अजून तासभर आली नसती तरी चालले असते, असे तिला वाटले.