नऊ वाजताचा रविवार

गोमार दाराशी आला तेव्हा होर्तन्सबाईंचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात होते. त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. एकवीस वर्षं लोकांच्या भानगडी शोधत हिंडलेल्या बाईला एवढी मुभा असावी.

"बसा. भाऊजी, कॉफी टाका."

भाऊजी म्हणजे स्ताफ, त्यांचा धाकटा दीर. जन्मभर ट्राम चालवलेली, त्यामुळे डोकंही रूळ सोडून जात नसे.

गोमार वाटरहूकच्या प्राणी-उद्यानात सव्वीस वर्षं ओकापींचा राखणदार. ओकापी म्हणजे जिराफाचं आखूड मानेचं, पट्टेरी मांड्यांचं भावंड. अख्ख्या देशात बोटांवर मोजण्याइतकी. गेल्या रविवारी सकाळी कुंपणाचं फाटक उघडं राहिलं, तीन महिन्यांचं पिल्लू बाहेर पडलं आणि मागच्या चरात बुडून मेलं.

"मीच उघडं टाकलं म्हणतात. फोटो आहे त्यांच्याकडे. महिनाअखेर नोकरी जाणार. घर उद्यानाचं, म्हणजे तेही."

"टाकलं होतंत?"

"नाही, बाई. दर रविवारी नऊला पेंढा बदलायला उघडतो, पण आधी मायलेकींना आतल्या गोठ्यात कोंडतो. त्या दिवशी उघडलंच नाही. शनिवारी संध्याकाळी पिल्लाचा पुढचा पाय खरचटला, मीच पांढरी पट्टी बांधली. म्हटलं, जखमेवर धूळ नको. बाहेरूनच चारा टाकला आणि शेजारच्या शेडमध्ये गेलो."

"म्हणजे फोटो खोटा," स्ताफ म्हणाला.

"खोटा कसा? फाटकाशी टेकलेली सायकल माझीच आहे."

उद्यानाचे संचालक रोम्बाउट होर्तन्सबाईंहूनही थकलेले दिसले. त्यांनी निगेटिव्हची अखंड फीत आणि त्यावरून काढलेले तीन फोटो टेबलावर ठेवले. चर्चचं घड्याळ, नऊला दहा कमी. मग नदीवरचा नावेचा धक्का. मग सताड उघडं फाटक.

"ओदिलोनसाहेबांनी काढलेत. गेंटहून दर रविवारी येतात. सभ्य माणूस. उद्यान उघडायच्या आधी मीच त्यांना आत सोडतो, पण कुंपणाच्या बाहेरच."

"हे गेल्या रविवारचेच, असं कोण म्हणतं?"

"ते स्वतःच."

होर्तन्सबाईंनी भिंग काढलं. दुसऱ्या फोटोत काठावरून तरंगत्या धक्क्याकडे जाणारा लोखंडी पूल जिन्यासारखा उभा होता. एक म्हातारा कठडा दोन्ही हातांनी धरून उतरत होता.

मग त्या कुंपणाशी गेल्या. जाळी इतकी बारीक की करंगळी अडकली.

"वहिनी, ओढू का?" स्ताफने विचारलं.

"हात तेवढा शाबूत ठेवा."

ओदिलोनचं घर गेंटला, कालव्याच्या अगदी काठावर. भिंतभर फोटो: ब्रुगचे हंस, डेल्फ्टचे पूल, बाझेलचा बुटका पाणघोडा, प्रागचे रानटी घोडे.

"चाळीस वर्षं हिंडतोय," तो म्हणाला. "पण पाणी बघावं तर माझ्या खिडकीतलं. दारं लावून अडवलेलं, वीतभरही हलत नाही."

"हा कुठला?" होर्तन्सबाईंनी मधल्या मोठ्या फोटोकडे बोट केलं. ओकापीचं पिल्लू सरळ बघत होतं. नाक ओलं, पुढच्या पायाला पांढरी पट्टी.

त्याचा चेहरा उजळला. "पापण्या मोजून घ्या. असा फोटो जन्मात एकदाच मिळतो."

"कधी मिळाला?"

"मागच्या महिन्यात कधीतरी."

"दोन दिवसांसाठी देता का? संचालकांनी बघावा असा आहे."

त्याने कागदात गुंडाळून दिला.

परतताना नावेवर त्यांनी लिझा नावाडिणीला विचारलं, "गेल्या रविवारी नऊच्या सुमाराला पाणी कसं होतं?"

"काठोकाठ. चर्चला निघालेल्या म्हाताऱ्या पुलावरून अशा आल्या, जशा स्वयंपाकघरातून माजघरात."

"पाणी वर-खाली होतंच की," स्ताफ म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

"म्हणूनच कुणी विचारलं नाही, भाऊजी."

शुक्रवारी संचालकांच्या खोलीत ओदिलोनसकट चौघं बसली. गोमार दाराशीच उभा राहिला.

"फोटो खरे, घड्याळही खरं," होर्तन्सबाई म्हणाल्या. "रविवार तेवढा दुसरा. त्या दिवशी नऊला भरती होती, पूल सपाट. फोटोत तो जिन्यासारखा उभा आहे, म्हणजे ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, म्हणून आठवडाभराने त्याच वेळी पाणी उलटं असतं. हे फोटो आदल्या रविवारचे. तेव्हा फाटक उघडं होतंच, पण जनावरं आत कोंडलेली. वाटरहूकचं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. पण साहेबांच्या दारचं पाणी हलतच नाही. त्यांच्या हिशेबी नदीही तशीच."



"त्यांनी खोटं का बोलावं?" रोम्बाउटनी विचारलं.

होर्तन्सबाईंनी मोठा फोटो उलगडला. "पट्टी शनिवारी संध्याकाळी बांधली. रविवारी सकाळी पिल्लू गेलं. मग पट्टीसकट फोटो मागच्या महिन्यात कसा निघेल? हा त्या सकाळचाच. आणि त्या जाळीतून माझी करंगळी जात नाही, पण इथे एक तारसुद्धा दिसत नाही. फोटो काढणारा कुंपणाच्या आत होता. कडी त्याने काढली."



"आत गेल्यावर फाटक नुसतं लोटलं होतं," ओदिलोन म्हणाला. "कळ दाबल्याचा आवाज झाला आणि पिल्लू बुजलं. माझ्या अंगावरून गेलं. मला वाटलं, पकडेल कुणीतरी."

गोमार पहिल्यांदाच बोलला. "मी तीस पावलांवर होतो, साहेब. नुसती हाक मारली असतीत."

फोटोकडे त्याने बघितलं नाही.

रोम्बाउटनी घसा साफ केला. "गोमार, तुम्हाला काढल्याचं पत्र फाडतो मी. घराची काळजी सोडा. सोमवारपासून कामावर या."

"सोमवार कशाला?" गोमारने टोपी डोक्यावर चढवली. "पिल्लाची आई पाच दिवस नीट खात नाहीये. माझ्या हातून खाईल कदाचित."

आणि तो गेलासुद्धा. स्ताफ त्याच्या पाठोपाठ दार लावायला उठला. होर्तन्सबाईंनी त्याला हातानेच थांबवलं, आणि खिडकीतून गोमार चाऱ्याची पाटी घेऊन फाटकाशी पोचेपर्यंत बघत राहिल्या. आत शिरल्यावर त्याने कडी लावली, आणि ओढून पाहिली.